शिंगाळ्याचा शब्द

नोएलीच्या गळाला गुरुवारी संध्याकाळी मासा लागला, आणि तेव्हापासून घरात ओदीलशी कुणी भांडेना. हे लक्षण वाईट होतं. त्या घरात एखाद्याशी सगळे गोड बोलायला लागले की समजावं, त्याचं परस्पर काहीतरी ठरलं आहे.

शुक्रवारी सकाळी सून डार्लीन आपणहून कॉफी घेऊन आली. साखरही बरोबर होती. ओदील ओसरीत कांदे चिरत होती. खांबांवर उभं असलेलं ते भाड्याचं घर दरवर्षी जूनमध्ये आठवडाभर त्यांचं असायचं. पुढच्या ओसरीतून समुद्र दिसायचा आणि मागच्या ओसरीतून मचूळ पाण्याचं तळं. ओदील नेहमी मागच्या ओसरीत बसायची. तिला समुद्राचं कौतुक नव्हतं. समुद्र कुठे पळून जात नाही, तळ्यावर मात्र लक्ष ठेवावं लागतं, असं ती म्हणायची.

डार्लीन शेजारी टेकली आणि हूस्टनचं गुणगान करू लागली. तिथले रस्ते किती सपाट, दवाखाना कसा हाकेच्या अंतरावर, नोएलीताईंनी खोलीला पिस्त्यासारखा रंग कसा लावून घेतलाय. ओदील ऐकत राहिली. गंमत अशी होती की डार्लीनचा नवरा आल्सिड, म्हणजे ओदीलचा थोरला, आईला बॅटन रूजला स्वतःच्या घरी न्यायचं म्हणत होता, आणि त्याची बायको इथे बसून नणंदेच्या घराची जाहिरात करत होती.

"तुझ्याकडे खोली नाही का गं?" ओदीलनं विचारलं.

"आहे ना, आई. पण जिना चढावा लागतो."

"नाताळात मी महिनाभर राहिले तेव्हा उडत वर जात होते वाटतं."

डार्लीननं कप उचलला, अजून अर्धा भरलेला होता तरी, आणि ती आत गेली.

फेब्रुवारीत ओदील स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवरून पडली होती. मनगट मोडलं. टपालवाला येईपर्यंत ती तिथेच आडवी होती आणि तिच्या अंगावर शेजाऱ्यांची कोंबडी बसली होती. कोंबडीचं तिनं हसत हसत सांगितलं ही चूक झाली. मुलांनी कोंबडी सोडून दिली आणि पडलेली आई तेवढी धरून ठेवली. बायूच्या, म्हणजे संथ खाडीच्या, काठावरचं तिचं घर बंद करायचं यावर आल्सिड आणि नोएली या बहीणभावांचं एकमत होतं. भांडण होतं ते आईला कुणी न्यायचं यावर. फोनवर भांडून झालं, ईस्टरच्या जेवणावर भांडून झालं, आणि शेवटी दोघांनी ती गोष्ट हंडीवर ठेवली.

हंडी बिडाची, ओदीलच्या सासूची. सुट्टीच्या शेवटी, शुक्रवारी, तिच्यात टोमॅटोच्या दाट रश्शात मासा शिजतो, त्याला त्यांच्याकडे कूबियाँ म्हणतात. सूर्य बुडायच्या आत ज्याचा सगळ्यात मोठा मासा हंडीत पडेल, त्याला वर्षभरासाठी एक शब्द मिळतो. तो जे म्हणेल ते घरानं ऐकायचं. शब्द एकच, आणि तो एकाच गोष्टीवर. एकदा नाव विकायची की ठेवायची हा वाद हंडीवर ठेवला होता, तर ओदीलच्या नवऱ्यानं, तेओफिलनं, ऐनवेळी आपला शब्द कुत्रा पाळण्यावर उधळला. मग रीतीप्रमाणे नावेचा विषय वर्षभर झाकण लावून ठेवावा लागला आणि नाव वर्षभर गळत राहिली. हंडी रिकामी राहिली तर नवा शब्दही गेल्या वर्षी जिंकलेल्यालाच मिळायचा. आणि सगळ्यात जुना नियम हा की जिच्या हातात वाढायचा डाव, तिच्या हातात गळ नाही. ओदील चाळीस वर्षं डाव धरत आली होती.

तिनं हा खेळ मोडला असता तर कुणी तिला फाशी देणार नव्हतं. पण वीस वर्षांपूर्वी नोएलीनं मोठा रेडफिश आणून हंडीत टाकला होता आणि म्हणाली होती, मी हॅल्व्हरशी लग्न करणार. हॅल्व्हर मिनेसोटाचा. तिकडे माणसं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्याच्यापुढे स्टुलावर बसतात आणि त्याला मासेमारी म्हणतात. ओदील तो शब्द गिळून बसली होती. लग्नाचा केकही तिनंच केला होता, जरा खारट झाला होता. तेव्हा पाळला तो नियम आता स्वतःच्या पायात आला म्हणून काढून कसा टाकायचा? तेओफिल वरून बघत असेल, आणि तो तिकडेही सगळ्यांना सांगत सुटेल.

जावयाला मात्र तिनं त्या दिवसापासून बर्फोबाच म्हटलं. पुढे सगळेच म्हणायला लागले. तो तिला ओदीलबाई म्हणायचा, कारण दुसरं काही म्हण असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुपारी तळ्याच्या तोंडाकडून आल्सिडची हाक आली.

तिथे समुद्राचं पाणी एका चरातून तळ्यात शिरतं आणि भरतीला रेडफिश त्याच्यामागून आत येतात. आल्सिड कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी मासा वर धरला होता, तांबूस, जाडजूड, शेपटीजवळ काळा ठिपका. नोएलीच्या माशाचा काका शोभला असता. नोएली पुढच्या ओसरीतून धावत मागे आली, तिनं बघितलं, आणि तिचं तोंड आंबट झालं. तिच्यामागून आलेल्या डार्लीनचं तोंड तिच्याहून आंबट झालं.

"अहो, बर्फाच्या पेटीत टाका तो," डार्लीन ओरडली. "आणि बाहेर या."

"बर्फात टाकलेला मासा म्हणजे प्रेत," आल्सिडनं तिकडून सांगितलं. "बाबांनी कधी बर्फ वापरला?"

हे खरं होतं. तेओफिल मासा जिवंतच हंडीपर्यंत आणायचा. माशाच्या गालफडातून दोरी ओवायची, दोरी कमरेला, आणि मासा आपला मागे मागे पोहत येतो, कुत्र्यासारखा. आल्सिडनं तसंच केलं. दोरी पट्ट्यातून घातली, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या, आणि आणखी एक मोठा मिळतो का म्हणून पुन्हा गळ टाकला.

ओदीलच्या हातातला कांदा थांबला. तेओफिल दोरी कमरेला गुंडाळायचा. बांधायचा कधीच नाही. का बांधत नाही ते त्यानं पोराला सांगितलं नव्हतं, कारण सांगताना, मी घाबरतो, असं म्हणावं लागलं असतं.

"आल्सिड," ती म्हणाली, "गाठ सोड."

"काय?"

"शेरीफ कुठाय ते बघ आधी."

शेरीफ म्हणजे तळ्यातली मगर. दिवसभर काठावर आडवा, काम काही नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून आपला वाटा मात्र बरोबर वसूल करतो, म्हणून ते नाव. सकाळपासून तो आपल्या जागेवर नव्हता.

आल्सिडनं मान वळवून काठाकडे बघितलं. काठ रिकामा दिसल्यावर त्याला बरं वाटलं. आयुष्यभर मगरींच्या शेजारी राहिलेल्या माणसाला असं बरं वाटू नये. पण डोक्यात विजयाचा वारा शिरला होता. त्यानं हात हलवून दाखवला, काही नाही म्हणून, आणि त्याच क्षणी तो उलटा चालायला लागला.

पहिली दोन पावलं तो स्वतःच चालतोय असं सगळ्यांना वाटलं. मग तो पाण्यात बसला. मग बसल्या बसल्या तळ्याच्या मध्याकडे जाऊ लागला. त्याच्यामागे पाणी एकदा फुगलं, खवल्यांची काळी पाठ दिसली आणि शेपटीचा एकच फटका बसला. आल्सिडनं गळ फेकला आणि कमरेकडे हात नेला. गाठी तेओफिलच्या पोरानं मारल्या होत्या, सुटतात कशाला? सुटलं ते पट्ट्याचं बक्कल. आल्सिड एकीकडे राहिला आणि त्याची विजार माशामागे गेली.

तो माणूस सरळ काठावर येऊन थांबला नाही. पन्नाशीचा, पोट सुटलेला आल्सिड झुडपांतून, कुंपणावरून, शेजारच्या पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलाशेजारून पळत घरी आला. त्या पाहुण्यांना त्यानं पळता पळता नमस्कारही केला म्हणतात. पायऱ्या चढून आला तेव्हा अंगावर सदरा होता, खाली लाल चौकटींची चड्डी होती आणि एका पायात बूट होता.

ओदीलनं त्याला पुढून बघितलं, मागून बघितलं, बोटं मोजली. सगळं जागेवर होतं. मग तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला टॉवेल दिला.

"बाबांचा पट्टा होता तो," आल्सिड म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता शेरीफचा. त्याला बरोबर बसेल."

नोएलीला हसू आवरत नव्हतं. ती भावाच्या गळ्यात पडली, त्याला कुरवाळलं, मग पुन्हा हसली. हसत हसतच ती तळ्यातल्या धक्क्यावर आपला मासा आणायला गेली. तोही जिवंत ठेवला होता, धक्क्याच्या खांबाला, दोरीला. बाबा तिचेही होतेच.

दोरी वर आली तिला फक्त डोकं होतं. शेरीफचं जेवण इथे सुरू झालं होतं. तिकडे नुसता शेवटचा घास झाला होता.

ती डोकं हातात घेऊन परत आली तेव्हा आल्सिडचं रडू थांबलं. टॉवेल सावरत तो खुर्चीत मागे रेलला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे हंडी रिकामी," तो म्हणाला.

त्यानं आळीपाळीनं सगळ्यांकडे बघितलं.

"आणि गेल्या वर्षी शब्द कुणाचा होता?"

गेल्या वर्षी शब्द त्याचाच होता. आपल्या पोटाबद्दल कुणी काही बोलायचं नाही, असा त्यानं तो वापरला होता आणि त्या घरानं वर्षभर जीभ चावून पाळला होता. डार्लीन भिंतीला टेकली. नोएली म्हणाली की विजार हरवलेल्या माणसाला शब्द कसला. आल्सिड म्हणाला की नियमात विजारीचा उल्लेख नाही. नोएली म्हणाली, डोकं तरी टाकते हंडीत. त्यावर दोघंही आईकडे वळले, कारण हंडीचा न्याय तिचा.

"डोकं म्हणजे मासा नव्हे," ओदील म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण खोट्यानं तरी काय मिळणार होतं? इकडे बॅटन रूज, तिकडे पिस्ता.

तिनं चूल मंद केली, हात पुसले आणि पुढच्या पायऱ्या उतरायला लागली. एकेक, कठडा धरून. वरून तीन माणसं एकदम ओरडली, सांभाळून! तिला त्या शब्दाचा आता वीट आला होता.

समुद्रावर हॅल्व्हर एकटाच होता. आठवडाभर तो तिथेच होता. वाळूत नळी रोवून तिच्यात काठी अडकवलेली, डोक्यावर टोपी, नाकाला पांढरं मलम. त्याला लागायचे ते फक्त शिंगाळे, आणि तो दरवेळी हळूच काटा काढून ते सोडून द्यायचा, कारण पहिल्याच वर्षी त्यानं एक घरी आणला होता तेव्हा सगळे जेवण सोडून हसले होते. त्या किनाऱ्यावर शिंगाळा कुणी खात नाही. चिकट, मिशाळ, आणि पराचा काटा लागला तर हात दोन दिवस ठणकतो.

ओदील त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तळ्यावर काय झालं ते तिनं थोडक्यात सांगितलं. तो हसला नाही. आल्सिडला लागलं का, एवढंच त्यानं विचारलं.

"इज्जतीला," ती म्हणाली.

 सूर्य खाली चालला होता. आल्सिडचा शब्द काय असेल ते तिला ठाऊक होतं. या माणसाच्या शब्दाबद्दल वीस वर्षांत तिनं कधी विचारच केला नव्हता. बायकोचं ऐकेल, आणखी काय करेल? तरी ठाऊक असलेल्या खड्ड्यापेक्षा ठाऊक नसलेला बरा, कदाचित उथळ निघायचा. हंडीसाठी मासा मागायला मात्र तोंड उघडेना.

"नोएली म्हणते, तुम्हाला खोली आवडेल," तो म्हणाला. आणि तिच्याकडे वळून, "आवडेल का, ओदीलबाई?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. फेब्रुवारीपासून तिला मनगटाबद्दल विचारून झालं होतं, रक्तदाबाबद्दल विचारून झालं होतं. हे विचारायचं राहिलं होतं.

"खोली चांगलीच असेल," ती म्हणाली. "तिथे माझ्या पायऱ्या नाहीत."

"त्याच पायऱ्यांवरून पडलात ना?"

"हो. पण माझ्याच पायऱ्यांवरून."

त्यानं मान हलवली. पटलं की नाही ते त्या मानेवरून कळायचं नाही, त्यांच्या तिकडे सगळ्याला तशीच हलवतात. इतक्यात काठी वाकली. त्यानं ती नळीतून काढली, सावकाश रीळ फिरवलं, लाट आली की थांबला, ओसरली की ओढलं. ओदीलला मनातून मान्य करावं लागलं की भोकापुढे बसून का होईना, हात शिकलेला आहे. उथळ पाण्यात मासा वळला आणि त्याच्या पाठीवरचा उंच पर दिसला. शिंगाळाच. पण चांगला हाताएवढा.

त्यानं सवयीनं काटा काढला आणि मासा सोडायला तो पाण्याकडे वाकला.

"फेकू नकोस," ओदील म्हणाली.

"हा खातात?"

"माझी आई खायची. आम्ही सगळेच खायचो. मग चार पैसे आले आणि आम्ही विसरलो." तिनं पदरासारखा आपला अॅप्रन पुढे धरला. "टाक यात."

तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काठी तुम्ही धरली होती असं सांगू?"

ओदीलचा हात क्षणभर खरंच काठीकडे गेला. मग तिनं मागे वळून बघितलं. ओसरीच्या कठड्यावर तिघं ओळीनं उभे होते, पेलिकन पक्षी धक्क्याच्या खुंटांवर बसतात तसे. एकाच्या कमरेला टॉवेल होता.

"माझ्या हातात डाव आहे," ती म्हणाली. "टाक."

शिंगाळा साफ करायला वेळ लागतो. गरम पाणी ओतायचं, जाड मीठ चोळायचं, पुन्हा पाणी, पुन्हा मीठ, तेव्हा कुठे तो चिकटपणा जातो. ओदील चोळत होती आणि पाठीमागे नोएली गुणगुणत होती. नवऱ्याचा शब्द म्हणजे तिचाच शब्द. तिनं त्याला कोपऱ्यात नेऊन काय बोलायचं ते दोनदा सांगितलं, एकदा म्हणवूनही घेतलं. पडदे कुठल्या रंगाचे हवेत हेही तिनं आईला विचारून टाकलं. डार्लीन आपणहून भांडी पुसायला लागली. आल्सिडनं हरकत घेतली की शिंगाळा हा मासाच नव्हे. ओदीलनं त्याला नियमात रेडफिशचं नाव कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. नियमात विजारीचाही उल्लेख नव्हता, तेव्हा तो गप्प बसला. समुद्राच्या कडेला सूर्याची लाल रेघ राहिली असताना शिंगाळ्याचे तुकडे रश्शात पडले. स्वतःला परगावी धाडणारं जेवण ओदीलनं तिखटमीठ चाखून, नीट रांधलं. हंडीत लबाडी करायची नाही.

सगळे बसले. ताटांत भात आला. रीत अशी होती की पहिला घास वाढायच्या आधी शब्द बोलायचा. हॅल्व्हर उठून उभा राहिला, टोपी काढली. नाक अजून पांढरंच होतं.

"बोल रे," नोएली म्हणाली.

"माझा शब्द असा," तो म्हणाला, आणि त्यानं घसा खाकरला. "आजपासून मला कुणी बर्फोबा म्हणायचं नाही. मला माझ्या नावानं हाक मारायची."

आणि तो बसला.

टेबलाखाली काहीतरी जोरात आपटलं. हॅल्व्हरचा चेहरा जरा कळवळला, पण तो भाताकडे बघत राहिला.

"झालं?" नोएली म्हणाली. "हा शब्द? तुला मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलेलं सगळं लक्षात होतं. पण हे वीस वर्षं आधीपासून रांगेत उभं होतं."

"मग आता आईचं?"

"शब्द तर एकच असतो ना?" त्यानं निरागसपणे आल्सिडला विचारलं.

आल्सिडनं डोळे मिटून विचार केला. बॅटन रूज गेलं होतं, पण हूस्टनही गेलं होतं, आणि बहिणीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यानं तेवढ्यावर समाधान मानलं. "एकच," तो म्हणाला. "बाबांच्या कुत्र्यासारखं. विषय पुढच्या वर्षीपर्यंत बंद."

डार्लीननं छातीवर क्रूस काढला आणि मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

ओदीलनं डाव हातात घेतला. रस्सा एकदा तळापासून ढवळला. आपली पायरी आपल्यापाशी राहिली होती, वर्षभर तरी. तिनं जावयाकडे नीट बघितलं. चेहरा त्याच्या तळ्यासारखाच, वर सगळं गोठलेलं. खाली काय पोहतंय ते कळायला भोकच पाडावं लागणार. वीस वर्षं तिनं ते काम केलं नव्हतं.

रश्शातलं डोकं तिनं शोधून काढलं. ते नेहमी तेओफिलला जायचं.

"हॅल्व्हर," ती म्हणाली. नाव तोंडात नवं होतं, गरम घासासारखं. "ताट पुढे कर."

त्यानं ताट पुढे केलं. "आभारी आहे, ओदीलबाई."

मला आई म्हण, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या वर्षीचा शब्द संपला होता. ते पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून तिनं त्याला आणखी रस्सा वाढला.